खान्देशात कोणाला काय म्हणावं?

बदलीचा आदेश हातात पडलाय. त्यावर चोपडा, शिरपूर, शहादा असं काहीतरी लिहिलंय आणि घरात सामान बांधणं सुरू झालंय. भाड्याची खोली कुठे मिळेल, मे महिन्यात कूलर लागतोच का, शेवभाजी किती तिखट असते, हे सगळं सांगणारे दहाजण भेटतील. माणसांना हाक कशी मारायची ते मात्र कोणी सांगत नाही. तिथेच पहिल्या आठवड्यात फजिती होते.

माझी झाली. मी सातारकडचा, बँकेत नोकरीला. खान्देशातल्या पहिल्या शाखेत तिसऱ्या दिवशी काउंटरवरून हाक दिली, "रमेश पाटील!" बाकावरचे तिघे उठले. एक पांढरी टोपी मात्र जागची हलली नाही, आणि पासबुक नेमकं तिचंच होतं. आमचे शिपाईमामा वाकून कानाशी म्हणाले, "साहेब, ते रमेशआप्पा आहेत. त्यांना असं नाव घेऊन कोणी बोलवत नाही." मी "आप्पा, या" म्हणालो, तसे ते उठून आले. पासबुक घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

शहरातून येणाऱ्याच्या मनात प्रश्न असतो तो एवढाच, की समोरच्याला 'सर' म्हणू की सरळ नावाने बोलवू. खान्देशात यातलं काहीच चालत नाही. 'सर' म्हटलं की तुम्ही विमा विकायला आल्यासारखे वाटता, आणि नुसत्या नावाने बोलावलंत तर माणसाची किंमत काढल्यासारखी होते. इथे नावाला नातं जोडतात. प्रकाशभाऊ, मीनाताई, रमेशआप्पा. सोपं वाटतं, पण कोणाला कोणतं नातं जोडायचं यात सगळी मेख आहे. ती मला जशी कळत गेली, त्या क्रमाने सांगतो.

आधी ऐका

पहिले दोन दिवस शक्यतो कोणालाच नावाने बोलवू नका. "राम राम" म्हणा, हसा आणि बाकीचे एकमेकांना काय म्हणतात ते ऐका. चहाच्या टपरीवर अर्धा तास बसलात तरी गावातली दहा नावं कळतील, आणि त्यातलं एकही आधार कार्डावरचं नसेल.

ऐकताना हे ध्यानात असू द्या की खान्देश म्हणजे एकच एक बोली नव्हे. जुन्या खान्देश जिल्ह्याचे 1906 साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. ते पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले, आणि 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. धुळे, अमळनेर, पारोळा या पट्ट्यात अहिराणी. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा पाटलांची बोली. नंदुरबारकडे सरकलात की गुजरातीचा वास लागतो, आणि सातपुड्यात भिली, पावरी. नाशिक जिल्ह्यातल्या सटाणा, मालेगावकडेही अहिराणीच चालते. हाक मारायची रीत बोलीगणिक थोडी बदलते, म्हणून एका तालुक्यात शिकलेलं दुसऱ्या तालुक्यात जसंच्या तसं वापरू नका.

तिसऱ्या दिवसापासून विचारायला हरकत नाही. प्रश्न मात्र नीट विचारायचा. "तुमचं नाव काय?" म्हटलं की माणूस फॉर्म भरल्यासारखं नाव, बाप, आडनाव सांगतो. "तुम्हाला सगळे काय म्हणतात?" असं विचारा. उत्तर येईल, "मला जिभाऊ म्हणतात." झालं, तुमच्यासाठी ते जिभाऊ. जिभाऊ हा खास इकडचा शब्द, आदराचा आणि मायेचाही. आमच्या घाटावर मी तो कधी ऐकला नव्हता.

फोनमध्ये नाव साठवतानाही हाकेचं नाव, गाव आणि धंदा घाला. 'नाना केळी रावेर', 'आप्पा ट्रॅक्टर', 'बापू जिनिंग'. नाहीतर यादीत चाळीस पाटील एकाखाली एक येतील आणि ऐन वेळी भलत्यालाच फोन लागेल.

ओळख नसताना

अनोळखी माणसाशी बोलायचं तर वयावरून चालतं. आपल्या वयाच्या आणि थोड्या मोठ्या पुरुषाला भाऊ. याहून भरवशाचा शब्द खान्देशात नाही. रिक्षावाला, नगरसेवक, केळीचा व्यापारी, वायरमन, सगळ्यांना चालतो. बापाच्या वयाच्याला काका किंवा बाबा, आणि खूपच म्हाताऱ्याला बाबाच. बाईमाणसाला ताई, वयस्कर असेल तर मावशी किंवा आजी.

भाऊचंच आक्रसून 'भो' होतं. "काय भो", "कसं काय भो" जळगावकडे कानावर पडत राहतं आणि ऐकायला इतकं गोड वाटतं की नवा माणूस चार दिवसांत तेच म्हणायला लागतो. जरा थांबा. भो हा बरोबरीच्यांचा शब्द आहे, खांद्यावर हात ठेवण्याएवढी जवळीक त्यात असते. वयाने मोठ्या माणसाला किंवा पहिल्याच भेटीत कोणाला भो म्हणालात तर तोंडावर कोणी काही बोलणार नाही, मागे बोलतील.

'दादा'चंही सांगून ठेवतो. पुण्याकडे दादा म्हणजे थोरला भाऊ. इकडे कित्येक घरांत वडिलांनाच दादा म्हणतात, तर कुठे भाऊ, कुठे आप्पा, कुठे नाना. एकत्र कुटुंबात धाकटे काका आपल्या थोरल्या भावाला जे म्हणत, तेच पोरांच्या तोंडी बसलं. त्यामुळे एखादा पोरगा "भाऊ शेतात गेलेत" म्हणाला तर त्याचा भाऊ गेला असं धरू नका. बाप गेला असेल. कर्जाच्या चौकशीत मी हा घोटाळा केलाय. भाऊ जामीनदार आहेत असं लिहून बसलो होतो आणि खाली सही होती वडिलांची.

आप्पा, नाना, आण्णा, बापू, तात्या, आबा

हा भाग सावकाश वाचा. नवा माणूस सगळ्यात जास्त इथेच घसरतो.

हे शब्द वयाप्रमाणे वाटलेले नाहीत. पस्तिशीतला माणूस आप्पा असतो आणि सत्तरीतला भाऊच राहतो. ज्याचं ज्याला ठरलेलं असतं. लहानपणी घरात कोणीतरी चिकटवलेलं, मग गावाने उचललेलं. भावाभावांत वाटणीही असते: थोरला नाना, मधला आप्पा, धाकटा बापू. एकदा मी एका आप्पांना प्रेमाने नाना म्हणालो. ते काही बोलले नाहीत, पण पुढचा अर्धा तास तोंड आंबट. नाना त्यांचे थोरले भाऊ होते, आणि दोघांत बांधावरून कोर्टकज्जा चालू होता, हे मला संध्याकाळी कळलं.

म्हणून हे जोडशब्द आपण होऊन कोणाला द्यायचे नाहीत. जे आहे तेच म्हणायचं. माहीत नसेल तर भाऊ.

या शब्दांचं वजन किती, ते पाट्यांवर पाहा. फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्यासाठी राबणाऱ्यांत पुढे होते खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी. आज फैजपुरात त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे आणि पाटीवर 'धनाजी नाना महाविद्यालय' असंच लिहिलंय. आडनाव गळालं, नाना राहिला. धुळ्याला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्याच्या नावात 'बापूसाहेब शिवाजीराव देवरे'. एकनाथ खडसे मंत्री झाले, विरोधी पक्षनेते झाले, जळगावकरांचे मात्र नाथाभाऊच. जळगावचेच पुढारी सुरेश जैन, ते सुरेशदादा. प्रतिभा पाटील 2007 साली देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या तेव्हाही जळगावात कोणी महामहीम वगैरे म्हणत बसलं नाही, प्रतिभाताईच म्हणत होते. आणि बहिणाबाईंना कोणी 'चौधरी मॅडम' म्हणून दाखवावं! विद्यापीठाला 2018 मध्ये त्यांचं नाव दिलं, ते भलं लांब आहे, पण माणसं बहिणाबाई विद्यापीठ म्हणतात आणि त्यात सगळं येतं.

अजून एक गंमत. खान्देशात नाना, आप्पा, बापू, भाऊसाहेब ही पुष्कळांची कागदावरचीच नावं असतात. सातबाऱ्यावर नाव 'नाना', तर त्याला नुसतं नाना म्हणणं म्हणजे नुसत्या नावाने बोलावणं. तिथे नानाभाऊ म्हणायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं दोन माणसं आहेत.

सुपडू, धुडकू, उखर्डू, भिका, दगडू अशीही नावं भेटतील, विशेषतः जुन्या पिढीत. ती वाचताना हसू नका. आधीची मुलं दगावलेली असली की पुढच्याला दृष्ट लागू नये, काळाने त्याच्याकडे वळून पाहू नये, म्हणून असं टाकाऊ नाव ठेवायची रीत होती. जन्मल्यावर सुपात घातलं तो सुपडू. त्या नावामागे एका आईची धास्ती आहे. तरुण क्लार्क काउंटरवर असं नाव मोठ्याने वाचतो आणि शेजारचा खुदकन हसतो, ते त्या म्हाताऱ्याने आयुष्यभर ऐकलेलं असतं. सुपडूबाबा म्हणा आणि साध्या आवाजात म्हणा.

आडनावाचा भरवसा नाही

शहरात "काय जोशी", "या कुलकर्णी" चालतं. इकडे आडनावाने ओळख पटतच नाही. पाटील तर गल्लीगल्लीत. मराठा पाटील, लेवा पाटील, गुजर पाटील, आणखीही. त्याखालोखाल चौधरी, महाजन, सोनवणे. आडनावाने हाक मारणं म्हणजे अर्ध्या बाजाराला हाक मारणं.

पाटील हे मुळात आडनाव नाही, गावच्या कारभाराचं पद. वंशपरंपरेने चालणारी महसुली पाटीलकी कायद्याने गेली, तो कायदा 1962 चा. आता गावात पोलीस पाटील असतो, त्याची नेमणूक 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याखाली होते, आणि त्याचं आडनाव पाटील असेलच असं नाही. तेव्हा "पाटलांना बोलवा" म्हणालात तर समोरचा विचारील, "कोणते? पोलीस पाटील की आपले पाटील?" गावात "काय पाटील!" अशी हाक ऐकू येते, तिच्यात कधी मान असतो, कधी टोमणा. नव्या माणसाला यातला फरक कळायला वर्ष जातं. तोवर त्या वाटेला जाऊ नये.

'पाटीलजी' तर नकोच. जी लावलं की एकतर पुढारी, नाहीतर कॉल सेंटर.

बायांशी बोलताना

माझं स्पष्ट मत: ताई म्हणा. वहिनी म्हणायची घाई करू नका.

कारण असं. गावात बाई दोन प्रकारे असते, गावची लेक म्हणून किंवा गावची सून म्हणून. सुनेला वहिनी चालतं, कारण तिचा नवरा गावाचा भाऊ. पण लेक सगळ्या गावाची बहीण. तिला तिच्या माहेरात कोणी वहिनी म्हणालं तर ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटतं. आणि बाहेरून आलेल्याला कोण लेक, कोण सून हे तोंडावरून कळत नाही. आखाजीच्या दिवसांत तर मुळीच नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. त्या आठवड्यात अर्धं गाव लेकींनीच भरलेलं असतं. मी एका आखाजीला ओट्यावर बसलेल्या बाईंना "वहिनी, आप्पा आहेत का घरात?" असं विचारलं. त्या आप्पांच्या सख्ख्या बहीण. आतून आप्पांच्या खऱ्या वहिनी हसत बाहेर आल्या आणि तो किस्सा वर्षभर पुरला.

ताई लेकीलाही चालतं, सुनेलाही. वयस्कर बाईला मावशी. काकू शहरी वाटतं, पण चालतं. अहिराणी घरात आत्याला फुई म्हणतात. तुमच्यासमोर पोरं "फुई उनी" म्हणाली तर आत्या आलीय एवढं समजा. तुम्ही मात्र तिला ताईच म्हणा, घरचा शब्द लगेच उचलू नका.

दवाखान्यात, बँकेत, सर्वेक्षणात काम करणाऱ्यांसाठी: जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. फॉर्म भरताना "नवऱ्याचं नाव सांगा" म्हणून दरडावलंत तर ती बाई गप्प बसेल, किंवा शेजारच्या पोराला खूण करील. तिला नाव ठाऊक नाही असं समजू नका. पोराला विचारा किंवा कागद मागा. स्वतः बोलताना ती "पोऱ्याना बाप" असं काहीतरी म्हणेल. तिचीही ओळख गावात पुष्कळदा पोरावरूनच असते, 'गण्यानी माय' म्हणून. तुम्ही मात्र तिला गण्याची आई म्हणू नका. कागदावर तिचं नाव आहे, त्याला बाई किंवा ताई लावा. "सुमनबाई, इथे सही करा." एका म्हातारीने मला सांगितलं होतं की लग्नानंतर तिचं नाव मोठ्याने घेणारे पहिले बँकवालेच. नव्या नियमाने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावामागोमाग आईचं नाव येतं. तेव्हा आता आईचं नाव विचारायची वेळ वरचेवर येणार आहे. विचारताना आवाज नीट ठेवा.

तू की तुम्ही

तुमच्याकडून सगळ्यांना तुम्ही. शाळकरी पोरं सोडून. यात अपवाद शोधू नका.

पण तुम्हाला कोणी 'तू' म्हणालं तर चिडू नका. अहिराणी बोलणारी म्हातारी माणसं सहज म्हणतात, "बठ भाऊ, च्या पी ले." यात अपमान नाही, उलट तुम्हाला घरात घेतलंय. अहिराणीत मान क्रियापदापेक्षा संबोधनात जास्त असतो. 'बठ' एकेरी असलं तरी पुढे भाऊ आहे ना? मग झालं. एका नव्या डॉक्टरला मी पाहिलंय, आजीने "तू कोठला शे?" विचारल्यावर त्याचा चेहरा पडला होता. आजी बिचारी त्याच्यासाठी भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली होती.

उलटं मात्र होत नाही. आजी तुम्हाला तू म्हणते म्हणून तुम्ही तिला तू म्हणायचं नाही. तेवढी अहिराणी तुम्हाला यायला पाच वर्षं लागतील.

माणूस समोर नसतानाही सांभाळा. "आप्पा येऊन गेले", "मावशी आल्या होत्या". "तो पाटील आला होता" हे वाक्य संध्याकाळपर्यंत त्या पाटलाच्या कानी जातं.

आता जरा अवघड गोष्ट. गावात काही माणसांना सगळेच नुसत्या नावाने आणि अरेतुरे करतात, त्यातही नाव मोडून. गण्या, राम्या, सुक्या. नीट पाहिलंत तर दिसेल की हा बहुतेक शेतमजूर असतो, सालदार असतो, किंवा ज्यांना गाव पिढ्यानपिढ्या खालचं मानत आलं त्यांच्यातला असतो. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने शेतात राबणारा गडी, आखाजी ते आखाजी. साठीचा सालदार आणि विशीतला मालकाचा पोरगा, पण पोरगा त्याला नावाने बोलवतो. वर सांगितलं होतं की गाव म्हणतं तेच म्हणा, पण इथे ते लागू नाही. त्यालाही भाऊ किंवा बाबा म्हणा. कोणाच्या जातीचं किंवा धंद्याचं नाव हाकेसाठी वापरू नका, भले गावातले वापरोत. मी सालदाराला "बाबा, बसा" म्हणालो तेव्हा शेजारी बसलेल्या मालकाने भुवई वर केली होती. मी ती पाहिली नाही असं दाखवलं. पुढच्या वेळी मालकही मुकाट्याने बाजूला सरकले.

नमस्काराचंही असंच. "राम राम" सर्वत्र चालतं. कोणी "जय भीम" म्हणालं तर "जय भीम" म्हणा. महानुभाव घरांत "दंडवत प्रणाम", रावेर-यावलकडे काही घरांत "जय स्वामीनारायण", सातपुड्यात "जोहार". समोरून येईल ते परत करायचं.

कचेरी, शाळा, दवाखाना

इथे पदं चालतात, पण तीही गावच्या पद्धतीने. तहसीलदार, बँक मॅनेजर, फौजदार: साहेब. बाई अधिकारी असतील तर मॅडम. वकीलसाहेब, डॉक्टरसाहेब. आशा कार्यकर्ती आशाताई. तलाठ्याला कुठे आप्पा, कुठे तात्या, कुठे भाऊसाहेब. ग्रामसेवकाला बहुतेक ठिकाणी भाऊसाहेब. 2024 मध्ये सरकारने तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी केलं. अर्जावर नवं पदनाम लिहा, नाहीतर कोणीतरी चूक काढील. तोंडी मात्र "ग्राम महसूल अधिकारी आहेत का?" विचारलंत तर अख्खं कार्यालय तुमच्याकडे बघेल. "आप्पा आलेत का?" पुरे.

हायस्कूल-कॉलेजात सर आणि मॅडम. जिल्हा परिषदेच्या शाळेत, खेड्यात, अजून गुरुजी. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 शिकवणारे पांडुरंग सदाशिव साने हे साने गुरुजी झाले, त्या मुलखात गुरुजी हा शब्द हलका नाही. नव्याने रुजू झालेल्या एका शिक्षकाने मला सांगितलं की "गुरुजी ऐकलं की म्हातारं झाल्यासारखं वाटतं, सर म्हणायला सांगू का?" मी म्हटलं, सांगू नका. पालक कोणाला सर म्हणतात आणि कोणाला गुरुजी, ते दोन वर्षांनी बघा आणि मग ठरवा.

अर्जात 'मा.' आणि 'श्री.' लागतात, त्याला पर्याय नाही. बाईंच्या नावाआधी सौ. की श्रीमती यात अडकलात तर श्रीमती लिहा, कोणाची चौकशी करावी लागत नाही.

बाजारपेठ आणि सीमेकडचा भाग

जळगावचा सराफ बाजार, धुळ्याची आग्रा रोडची दुकानं: मालकाला शेठ. गड्याला शेठ म्हणू नका, थट्टा वाटते. नंदुरबार, नवापूरकडे भाई आणि बेन ऐकू येतात. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. मुस्लिम मोहल्ल्यात पुरुषाला भाई, वडीलधाऱ्याला चाचा, मावशीच्या वयाच्या बाईला खाला. आणि मोठ्या बहिणीला आपा. आप्पा नव्हे! एका पकाराने माणूस बदलतो. मी मालेगावच्या एका शिक्षिकाबाईंना घाईत "आप्पा" म्हणालो होतो. त्यांनी डोळे मिचकावून विचारलं, "मिशी दिसतेय का?"

मामा हा शब्द जपून. शिपाईमामा ठीक आहे, प्रेमाचा आहे. पण रस्त्यावर अनोळखी माणसाला मामा म्हटलं तर त्याला 'मामा बनवणं' आठवू शकतं. दाजी तर चेष्टेचाच. बहिणीचा नवरा म्हणजे दाजी, तेव्हा परक्याला दाजी म्हणणं म्हणजे काय सुचवणं झालं ते समजून घ्या.

चुकलं तर

चुकणारच. "क्षमस्व, मला कल्पना नव्हती" असलं पुस्तकी बोलू नका. "नवीन आहे आप्पा, सांभाळून घ्या" म्हणा. लगेच दुरुस्त हाक मारा आणि पुढचं काम बोला. चहा येईल. तो नाकारू नका, मग चूक मिटली असं धरायचं. खुलासा देत बसलात तर ती वाढते.

आणि तुम्हाला काय म्हणतील

पहिलं वर्ष तुम्ही साहेब, मॅडम किंवा सर. कोणी भाऊ म्हणालं तर सरळ ओ द्या, "मला नुसतं नावाने बोलवा" असा आग्रह धरू नका. तो मोठेपणा शहरात शोभतो. इकडे माणसं कानकोंडी होतात, तुम्हाला बोलवायचंच टाळतात. तुम्हाला कोणतं नाव पडेल ते तुमच्या हातात नसतं. माझ्याबरोबरचा एक अधिकारी उंच होता, तो उंचेसाहेब झाला आणि बदली होईपर्यंत तसाच राहिला.

माझं नाव तिसऱ्या वर्षी पडलं. रमेशआप्पांच्या नातीचं लग्न होतं. पत्रिका तुम्ही पाहिल्या असतील: चि., चि. सौ. कां., मग काका, मामा, शालक, याही, निमंत्रक, व्यवस्थापक, दोन्ही बाजूंची शंभरेक नावं. याही म्हणजे व्याही. आप्पा मसुदा घेऊन बँकेत आले. निमंत्रकांत माझंही नाव घालायचं म्हणाले. लिहिणाऱ्या पोराने पेन उघडलं आणि विचारलं, "साहेबांचं पूर्ण नाव काय?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. शिपाईमामांनी माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत कोणाला ते लागलंच नव्हतं. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पा पोराला म्हणाले, "लिही, बँकवाले भाऊ. लोकास्ले समजी जाई."